शेवटची ओली डॉक्टर

"डॉक्टर, आईच्या वेळी तुमचा दिवा का लागत नाही?"

हा प्रश्न विचारायची पैज नफिसा आणि सानिकानं लावली होती. झालं असं, की आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले आणि तेव्हापासून आमच्या दहावी 'ब'मध्ये मी जरा जास्तच बोलायला लागले, असं त्या दोघींचं मत. लागले तर लागले. नववीपर्यंत मी हजेरी द्यायच्या आधीसुद्धा घसा खाकरायचे. आता सरांना मध्येच थांबवून शंका विचारते, आणि मला ते फार म्हणजे फार आवडतं. नफिसा म्हणाली, पाठ केलेलं स्टेजवर कुणीही बोलतं, खऱ्या माणसाला खरा प्रश्न विचारून दाखव. कुठला, ते सानिकानं ठरवलं. तिच्या आजोबांची कंबर मिरजेतल्या अर्ध्या डॉक्टरांना पुरून उरली आहे, त्यामुळे असले प्रश्न तिला बरोबर सुचतात.

मग मी विचारलाच. हॉस्पिटलच्या वेदना विभागात, आई शेजारी बसलेली असताना. आईनं डाव्या हातानं मला चिमटा काढला. उजव्या हातानं ती काहीच करत नाही. डॉ. शलाका बोरकुटे माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या टेबलावरची काचेची पेटी होती तशी काळोखीच राहिली.

ज्यांच्या घरी जुनाट दुखणं नाही अशा भाग्यवान लोकांसाठी ही पेटी म्हणजे काय ते सांगते. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात यावर दीड पान आहे, पण मी त्याच्यापेक्षा बरं सांगते.

समजा, रात्री चोर आला आणि दारातलं कुत्रं भुंकायला लागलं. हे झालं साधं दुखणं. हाड मोडलं, दुखलं, हाड जुळलं, थांबलं. जुनाट दुखण्यात चोर केव्हाच पळालेला असतो, पण कुत्रं काही भुंकायचं थांबत नाही. गोळ्या देणं म्हणजे त्याच्यासकट सगळ्या घराला गुंगीचं औषध देणं. बरीच वर्षं डॉक्टर एवढंच करत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरातलं एक माणूस उठून, दार उघडून नुसतं 'काय रे' म्हणालं तरी ते कुत्रं गप्प बसतं.

ते माणूस म्हणजे डॉक्टर. समोरच्याच्या दुखण्यानं जो खरोखर कळवळतो, त्याचा श्वास, त्याची नाडी, त्याच्या चेहऱ्याचे बारीक बारीक स्नायू दुखणाऱ्याच्या मागोमाग हलतात. आपल्याला ते दिसत नाही, पण दुखणाऱ्याच्या मेंदूला कळतं. मग त्याच्या मेंदूच्या देठातून शरीराचंच वेदनाशामक सुटतं आणि पुढचे दोन-तीन आठवडे दुखणं निम्म्याच्या खाली येतं. नाटक चालत नाही. नाटक करणाऱ्याचा चेहरा पापणी लवण्याइतका उशिरा हलतो आणि मेंदू तेवढ्यावरून ओळखतो. म्हणून साथदिवा काढला. एक चिमटा डॉक्टरच्या कानाला, एक पेशंटच्या, आणि दोघांचं जुळलं की पेटीत पिवळा दिवा लागतो.

आता साथदिव्याशिवाय वेदना विभागात कुणाला बसताच येत नाही. ज्याचा दिवा लागतो तो ओला डॉक्टर, ज्याचा लागत नाही तो कोरडा. हे शब्द पुस्तकात नाहीत, आमच्या खानावळीत आहेत. मगदूम खानावळ हॉस्पिटलच्या अगदी समोर आहे आणि तिथं जेवणारे सगळे पेशंटचे नातेवाईक. आमटी वाढेपर्यंत एक विचारतो, अमुक सर ओले आहेत काय अजून, आणि दुसरा सांगतो, नाही हो, दिवाळीतच वाळले. पूर्वी म्हणे लोक डॉक्टरची डिग्री बघायचे.

आणि वाळतात सगळेच. यंत्राचा दोष नाही, मेंदूचा आहे. एकाच माणसाचं एकच दुखणं पुन्हा पुन्हा ऐकलं, की मेंदू त्याला पंख्याच्या आवाजासारखं बाजूला टाकतो. दुसऱ्या पेशंटसाठी त्याच डॉक्टरचा दिवा लख्ख लागतो. पण ज्याच्यासाठी एकदा विझला, त्याच्यासाठी पुन्हा लागल्याचं एकही उदाहरण नाही. डॉक्टरांना ओलं ठेवायचं औषधही निघालं होतं. ते घेतलेले डॉक्टर पेशंटबरोबर रडायचे, मग रिक्षावाल्याबरोबर, मग जाहिराती बघून. त्यांना पुढं ऑपरेशनची सुरी धरवेना, तेव्हा ते बंद केलं.

माझी आई खानावळीच्या मोरीत ओल्या फरशीवर घसरली, त्याला आता सहा वर्षं झाली. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं. आग तेवढी राहिली. ओढणीचं टोक लागलं, पंख्याचा वारा लागला, तरी हाताला पेटलेली काडी लावल्यासारखं होतं. तिनं मिरजेतले डॉक्टर वाळवले, सांगलीतले वाळवले, कोल्हापूरला जाऊन आली. मग चंद्रपूरहून बोरकुटे डॉक्टर बदलून आल्या. नव्या, कोऱ्या, आणि आईसाठी पेटी पेटली ती कंदिलासारखी. त्या दिवशी पप्पांनी सगळ्या टेबलांवर फुकट खीर वाढली.

तर त्या बोरकुटे डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, रागावणार. त्यांनी कानाचा चिमटा काढून हातात घेतला.

"खरं सांगू का बेटा? तुमच्या घरचं जेवून जेवून विझला तो."

मला कळलंच नाही. आईला मात्र लगेच कळलं, तिनं मान खाली घातली. डॉक्टर एकट्या राहतात, ज्वारीची भाकरी मिळाली तर त्यांना घरची आठवण येते, म्हणून आईनं त्यांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं होतं. रोज. त्या यायच्या, 'काकू, वास मस्त येऊन राहिला' म्हणायच्या, आई डाव्या हातानं त्यांना वाढायची. आपलं माणूस झालं की जास्त जीव लावेल, असा आमचा सगळ्यांचा हिशोब. पण मेंदू महिने मोजत नाही, खेपा मोजतो. आईचं कळवळणं दवाखान्यात तीन आठवड्यांतून एकदा दिसलं असतं, ते त्यांना थोडं थोडं रोज दोन्ही जेवणांना दिसलं, मी शाळेत किंवा आईनं अभ्यासाला पिटाळलेली असताना. आम्ही त्यांना भाकरीबरोबर वाढत होतो म्हणा ना. एक वर्ष पुरायचं, ते चार महिन्यांत संपलं.

मी कसली गप्प बसते. मी म्हटलं, पेटीच बिघडली असणार. डॉक्टर जरा हसल्या, चिमटा माझ्या कानाला लावला आणि म्हणाल्या, बघ, बिघडली आहे का. तेवढ्यात भिंतीवरचा एसी धपकन सुरू झाला आणि गार झोत थेट आईच्या हातावर आला.

आईचा तो चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. खरंच पहिल्यांदा. तोंड उघडं, आवाज नाही, डोळे कुठंतरी मागं गेलेले, जणू ती त्या खोलीत नाहीच. तिचा श्वास अडकला, तसा माझाही अडकला.

पेटी पेटली. एवढी, की डॉक्टरांचा पांढरा कोट पिवळा दिसला.

आईचा खांदा हळूहळू खाली आला. तिनं आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घाबरून एकदम उठलीच.

"हिला तुम्ही आजपर्यंत काही दाखवलंच नाही ना काकू?" डॉक्टर म्हणाल्या.

तेव्हा मला मिक्सरचं कळलं. आमच्या खानावळीत चटणी सकाळी एकदाच होते. पण मागच्या खोलीतला मिक्सर दिवसभर केव्हाही घरघरायचा, आणि आई तिथून कोरडं फडकं घेऊन बाहेर यायची. मी चौथीत असल्यापासून ऐकत आलेला आवाज. रिकामाच फिरायचा तो. माझ्या कानावर काही पडू नये म्हणून.

आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. आणि मग तिनं परात ओढली आणि उजव्या हातानं भाकरी थापली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, जरा रागातच थापत होती, पण थापली. पप्पा तव्याजवळ उभे होते ते बाजूला झाले. जेवणाऱ्या लोकांना काय माहीत, ते आपले अजून एक, अजून एक म्हणत होते.

ते तीन आठवडे इतके छान होते, की मी उगाचच नाचत शाळेत जायचे. आईनं माझी वेणी घातली. आम्ही दोघी दंडोबाच्या डोंगरावर गेलो, आई खडकावर बसून वारा खात होती, चक्क वारा. मी नफिसाला सांगितलं, मी औषध आहे. ती म्हणाली, कडूच असशील. सानिका हसली नाही. ती म्हणाली, आजोबांसाठी मी पण पेटी लावून बसले होते सातवीत असताना. मग काय झालं, असं मी विचारलं, तर तिनं डब्यातले पोहे चमच्यानं इकडून तिकडे केले. म्हणाली, आता आजोबा ओरडतात तेव्हा मी आवाज वाढवून टीव्ही बघते.

चौथ्या आठवड्यात मिक्सर सुरू झाला.

मी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, मी बसू शकते का. त्या म्हणाल्या, घरचा श्रोता नियमात बसतो, पेटीही घरी न्यायला मिळते, आईवडील हो म्हणाले तर. सहा महिने चालेल, फार तर आठ. मग बंद. मी विचारलं, सगळ्यांसाठी बंद? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, नाही, फक्त तुझ्या आईसाठी.

आईपुढं मी विषय काढला की ती म्हणायची, अगं आता दुखतच नाही. इतक्या सहज म्हणायची, की ओठांचा रंग उडालेला नसता तर मी विश्वास ठेवला असता. आणि नाकारलेल्या दुखण्यावर दिवा लागत नाही. मी सगळी भाषणकला वापरली, मुद्दे, उपमुद्दे, शेवटी रडणंसुद्धा. ती म्हणाली, अभ्यास कर जा.

बोरकुटे डॉक्टरांची नागपूरला बदली झाली. बदली त्यांनीच मागितली होती. जायच्या आदल्या दुपारी त्या आमच्याकडे शेवटचं जेवायला आल्या. आईनं झुणका, वांगं, दही, सगळं त्यांच्या आवडीचं केलं. म्हणजे पप्पांनी केलं, आईनं शेजारी उभं राहून सांगितलं. वाढताना वाटीची कड आईच्या मनगटाला लागली. आई तिथंच वाकली, टेबलाची कड धरली, तोंडातून 'स्स' असा लांबलचक आवाज आला.

"काकू, लोणचं आहे का जी?" डॉक्टर म्हणाल्या.

आणि मग त्यांचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता या उठून जातील. गेल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशाच बसून राहिल्या. ते पाणी त्यांच्या स्वतःसाठी होतं. पेटी असती तर काळीच राहिली असती. आईनं डाव्या हातानं त्यांच्या पानात लोणचं वाढलं आणि म्हणाली, जेव शलाका, प्रवास आहे उद्या.

मी डॉक्टरांच्या शेजारी बसले होते. मला एकदम त्यांच्या खुर्चीत मीच दिसले.

त्या गेल्यावर मी पप्पांवर भडकले. कुणावर तरी भडकायचंच होतं. पप्पांचा चेहरा असा, की आई कळवळली तरी ते मॅच बघत राहतील. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काहीच होत नाही का हो? तुम्ही माणूस आहात का भिंत?

पप्पा शेंगा सोलत होते. थांबले नाहीत.

"मागं वेदना विभागात एक पाटोळे सर होते," ते म्हणाले. "ते म्हणाले, नवऱ्यालाच बसवून बघूया. बसलो. तुझी आई सांगत होती, मी ऐकत होतो. दिवा काय लागला नाही."

"मग?"

"मग काय. येताना दूध घेतलं."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, पेटी जुनी असणार."

मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्यांनी खरंच विचार केला, दोन शेंगा सोलून होईपर्यंत. मग म्हणाले, वाटायला पाहिजे होतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बघायला लागले. आई स्वयंपाकघरात यायच्या आधी त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे जातो, मान टीव्हीकडेच. ती दारातून जाताना ते पडदा धरून उभे राहतात. तिच्या कुडत्यांच्या उजव्या बाह्या त्यांनी कोपरापासून कापल्या आहेत, कड आत दुमडून शिवली आहे, टोचू नये म्हणून. तिच्या पानातल्या भाकरीचे तुकडे करताना ते मोबाईलवर भाज्यांचा भाव बघत असतात. कळवळा नाही, काही नाही. रोज दाराला कुलूप लावावं तसं, सवयीनं करतात. आणि आईला त्यानं बरं वाटत नाही, हेही खरं. कुत्रं भुंकतच राहतं. फक्त नव्यानं कुणी दगड मारत नाही.

आईचं वाढत गेलं. आता मिरजेत माझ्याशिवाय एकही ओलं माणूस तिच्यासाठी उरलं नव्हतं. ती सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, हात काढून टाका. ते म्हणाले, काढला तरी आग राहील, नुसती हवेत राहील. ती तेव्हापासून जेवायला आमच्यात बसेना. ताट घेऊन मागच्या खोलीत जायची, कडी लावायची. मी शाळेतून आले की आत जायची, मी झोपले की बाहेर यायची. एकाच घरात राहून मला आई दिसेना. वेणी पप्पा घालायचे, वाकडी.

रविवारी दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर मी मागच्या दाराशी जाऊन बसले आणि म्हटलं, कडी काढ, नाहीतर मी इथंच बसून बोर्डाची परीक्षा देईन. बऱ्याच वेळानं तिनं कडी काढली. पप्पा माझ्या मागं येऊन उभे राहिले. आई पोत्यावर बसली होती. हात मांडीवर उताणा ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. बारीक झाली होती खूप.

मी म्हटलं, तू मला सांगत का नाहीस.

"सगळ्या मिरजेला सांगितलं मी," आई म्हणाली. "जो भेटेल त्याला सांगितलं. सगळी माणसं संपवली. तुझे पप्पासुद्धा. एक तूच राहिलीस न सांगितलेली. तेवढं एक माणूस राहू दे गं मला. दुखू दे. पण कधी माझ्याकडे बघून तूसुद्धा लोणचं मागितलंस, तर मी कुठं जाऊ?"

पप्पांनी भिंतीकडे बघितलं. मला बोलायला येतं, मी सगळ्यांना सांगत फिरते, मला बोलायला येतं, पण तिथं माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. तिचं बरोबर होतं. मी बसले तर सहा महिन्यांनी मी तिची राहणार नाही. नाही बसले, तर ती अशीच कडी लावून आत, आणि मी बाहेर तिच्यासाठी जपून ठेवलेली. तिसरं काही नव्हतं. कुणी शोधत असेल कुठंतरी, पण आमच्या आईच्या हयातीत ते मिरजेला पोचेल असं मला वाटत नाही.

मी आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. हाताला लागणार नाही अशी.

"आई, पप्पा, मी ठरवलंय," मी म्हटलं. "उद्या शाळेतून आले की मी पेटी घेऊन इथं बसणार, मग दर तीन आठवड्यांनी, आणि तू मला सगळं सांगायचं. पहिल्या दिवसापासूनचं. दिवा विझेपर्यंत. आणि विझल्यावर काय करायचं, ते मला पप्पा शिकवतील."